जखमी कोंबडीची शुश्रूषा

शहरांतील घराच्या मागील अंगणांत किंवा बंगल्याच्या परसांत चार-सहा कोंबड्या पाळण्याची हौस पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत दिसते. घरचें ताजें अंडें मिळावें, उरलेंसुरलें धान्य वायां जाऊं नये, मुलांना जिवंत प्राण्याची ओळख व्हावी, असे हेतु त्यामागें असतात आणि ते सर्व स्तुत्य आहेत. परंतु या हौसेंत एक दिवस असा येतो कीं, ज्याची कल्पना कोंबड्या विकणाऱ्यानें दिलेली नसते. सकाळीं खुराड्याचें दार उघडावें, तों एक कोंबडी कोपऱ्यांत डोकें खुपसून उभी असते. तिच्या पाठीवरचीं पिसें गेलेलीं असतात, उघड्या कातडीवर रक्त साकळलेलें असतें, आणि काल संध्याकाळीं तिच्याच शेजारीं दांडीवर बसलेल्या तिच्या सोबतिणी नेमक्या त्याच जागीं पुन्हां चोंच मारीत असतात. मुलें रडूं लागतात, वडील माणसें त्या 'दुष्ट' कोंबड्यांवर संतापतात, आणि कोणी तरी सांगून टाकतो कीं, ही आतां जगत नाहीं, हिला कापून मोकळे व्हा.

हा संताप आणि ही निराशा दोन्ही अस्थानीं आहेत. कोंबडीची जखम दिसावयास भयंकर असली तरी वेळींच काळजी घेतल्यास ती पुष्कळदां आश्चर्य वाटावें इतकी चांगली भरून येते. खरें अवघड काम त्यापुढचें, म्हणजे बरी झालेली कोंबडी पुन्हां कळपांत नांदती करण्याचें असतें. जखम एका कोंबडीला झालेली असते, पण दुखणें सगळ्या खुराड्याचें असतें. हें ज्यानें ओळखलें त्याचे उपचार सफळ होतात. ज्यानें ओळखलें नाहीं त्याला महिन्याभरानें दुसऱ्या कोंबडीची जखम बांधावी लागते.

सर्वांत आधीं जखमी कोंबडी बाकीच्यांपासून वेगळी करावी. औषध शोधणें, जखम धुणें हें सर्व त्यानंतरचें. कोंबडीची दृष्टि रंगांच्या बाबतींत माणसाहून तीक्ष्ण असते. माणसाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन जातींच्या असतात, कोंबडीच्या डोळ्यांत चार जातींच्या. उघड्या कातडीवरचा तांबडा ठिपका तिच्या नजरेंत भरतो, ती कुतूहलानें टोचते, रक्त येतें, तें पाहून दुसरी धांवते. अशा रीतीनें सकाळीं रुपयाएवढी असलेली जखम संध्याकाळपर्यंत तळहाताएवढी होऊं शकते.

पकडतांना तिचा पाठलाग करूं नये. अंगावर एखादा जुना पंचा टाकावा, दोन्ही पंख अंगाशीं धरावे आणि तिला अलगद उचलावें. छाती मात्र दाबूं नये. माणसाच्या फुप्फुसांखालीं जसें श्वासपटल असतें तसें पक्ष्याला नसतें; उरोस्थि हालल्यानेंच त्याच्या शरीरांत हवा खेळते. प्रेमानें कां होईना, पण घट्ट कवटाळलेली कोंबडी हातांतल्या हातांत गुदमरण्याचा संभव असतो.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ धुतलेल्या फडक्याची घडी जखमेवर ठेवून चार-पांच मिनिटें सारखा हलका दाब द्यावा. थांबलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं घडोघडी फडकें उचलूं नये. तसें केल्यानें धरत आलेली गुठळी निघून येते. दीड किलो वजनाच्या कोंबडीच्या अंगांत एकंदर रक्त सुमारें १०० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या लहानशा कपाएवढेंच असतें. म्हणून माणसाच्या दृष्टीनें क्षुल्लक वाटणारा रक्तस्राव तिच्या दृष्टीनें क्षुल्लक नसतो. तुऱ्याच्या टोंकांतून किंवा नखांतून येणारें रक्त तुरटीच्या पुडीनें किंवा मक्याच्या पिठीनें थांबतें. खोल जखमेंत मात्र कोणतीहि पूड भरूं नये. नवीन फुटणाऱ्या पिसाच्या देठांतहि रक्त असतें. असें पीस मोडल्यास बराच वेळ रक्त गळतें, आणि तेथेंहि दाब हाच पहिला उपाय होय.

त्यानंतर जखम धुवावी. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊं द्यावें आणि त्यांत चहाचा दीड सपाट चमचा, म्हणजे सुमारें ९ ग्रॅम मीठ विरघळवावें. रक्तांतील क्षारांशीं हें प्रमाण जुळतें, म्हणून असें पाणी फारसें झोंबत नाहीं. सुई काढलेल्या पिचकारीनें त्याची हलकी धार सोडली कीं माती, विष्ठा, चिकटलेले पिसांचे तुकडे निघून जातात. भोंवतालचीं पिसें बोथट टोंकाच्या कात्रीनें कापावीं, उपटूं नयेत. मग औषधांच्या दुकानांत मिळणारें पोविडोन आयोडीन पाण्यांत मिसळून फिक्या चहाच्या रंगाचें करावें व कापसानें लावावें. एवढें साधें औषध बहुतेक वरवरच्या जखमांना पुरतें.

काय करूं नये, हेंहि तितकेंच महत्त्वाचें आहे. रॉकेल, फिनेल, चुना, स्पिरिट यांपैकीं कांहींहि जखमेवर घालूं नये. फेंस येणारें हायड्रोजन पेरॉक्साइड रोज रोज वापरल्यास जखमेंतून वर येणारें कोंवळें नवें मांस जळतें. हळद प्रत्येक घरांत असते आणि तिच्यावर आपल्या लोकांची श्रद्धाहि मोठी. परंतु स्वयंपाकघराच्या डब्यांतील हळद निर्जंतुक नसते, आणि ती खोल जखमेंत भरली तर आंत काय चाललें आहे हें दिसेनासें होतें. तेलकट मलमें जाड थरानें लावल्यास पिसें चिकटून बसतात व त्यांची ऊब नाहींशी होते. माणसांसाठीं असलेल्या वेदनाशामक गोळ्या किंवा कातडी बधिर करणारीं मलमें पशुवैद्यास विचारल्यावांचून पक्ष्याला देऊं नयेत. जांभळें औषध फासून जखमेचा तांबडा रंग झांकण्याची जुनी चाल आहे. पण ज्या प्राण्याचें अंडें किंवा मांस माणसाच्या खाण्यांत यावयाचें, त्याला तें औषध आज योग्य मानलें जात नाहीं.

जखम झालेल्या कोंबडीला औषधाइतकीच विश्रांतीची गरज असते. कोंबडीच्या शरीराची स्वाभाविक उष्णता ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. रक्त गेल्यानें व भयानें ती कमी होऊं लागली तर लहानशी जखमहि प्राणांवर बेतते. एखाद्या मोठ्या खोक्यांत स्वच्छ फडकें अंथरावें, हवेसाठीं भोंकें ठेवावीं, एका बाजूस गरम पाण्याची बाटली कापडांत गुंडाळून ठेवावी. म्हणजे ऊब हवी तेव्हां तिला जवळ येतां येईल, नको तेव्हां दूर होतां येईल. जागा अर्धवट अंधाराची व शांत असावी. मुलांनीं दर पांच मिनिटांनीं झांकण उघडून पाहूं नये. पाणी प्रथम, दाणे मागाहून. घशांत पाणी ओतणें धोक्याचें, कारण तें श्वासनलिकेंत जातें. नुसतें चोंचीचें टोंक पाण्यांत बुडवावें, ती आपण होऊन पिते. भिजवलेला भरडा आणि कुस्करलेलें उकडलेलें अंडें अशक्त कोंबडी बहुधा आवडीनें खाते.

पुढील आठवडाभर जखम दिवसांतून दोनदां पाहावी, आणि पाहतांना दोन गोष्टींनीं फसूं नये. पहिली अशी कीं, मार लागलेली कातडी दोन-तीन दिवसांनीं हिरवट दिसूं लागते. माणसें ती सडली असें समजून घाबरतात. वस्तुतः मुरलेल्या रक्ताचें पक्ष्याच्या शरीरांत हिरव्या द्रव्यांत रूपांतर होतें व तेथेंच तें थांबतें. माणसाचा काळानिळा डाग पुढें पिंवळा होतो, तसें तेथें होत नाहीं. दुर्गंधि नसेल आणि कोंबडी खात-पीत असेल तर या हिरवेपणाचें भय नाहीं. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. पक्ष्याचा पू माणसाच्या पुवासारखा पातळ होऊन वाहत नाहीं. तो पनीरासारखा घट्ट होऊन आंत साठतो. म्हणून पू वाहत नाहीं एवढ्यावरून जखम निर्दोष आहे असें समजूं नये. कठीण गांठ लागते काय हें पाहावें. उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत माशांचा बंदोबस्त करावा. माशीनें घातलेल्या अंड्यांतून एका दिवसांतहि अळ्या निघूं शकतात. तेव्हां पिंजऱ्यावर मच्छरदाणीचें कापड घालणें उत्तम.

कांहीं प्रसंगीं घरगुती उपचारांत वेळ न दवडतां पशुवैद्याकडे गेलें पाहिजे. रक्त थांबत नसेल, डोळ्याला इजा झाली असेल, जखम पोटांत उघडली असेल, गुदद्वारांतून आंतील भाग बाहेर आला असेल, अळ्या खोल शिरल्या असतील, अथवा कोंबडीनें दिवसभर अन्नाला चोंच लावली नसेल, तर विलंब करूं नये. मांजर, मुंगूस किंवा घूस यांच्या दांतांची जखम बाहेरून टांचणीएवढी आणि आंतून खोल असते. तिलाहि हाच नियम. वैद्यानें प्रतिजैविक औषध दिल्यास तो सांगेल तितके दिवस त्या कोंबडीचीं अंडीं खाऊं नयेत. आणि जेथें बरें होण्याची आशाच नसेल, तेथें वेदना लांबविण्यापेक्षां वैद्याच्या हातून तिला शांतपणें मरण देणें हीहि शुश्रूषाच होय.

येथवर एका कोंबडीचा विचार झाला. आतां खुराड्याचा. जखम कोठें आहे हें नीट पाहिलें तर कारणाचा माग बहुधा लागतो. तुरा, डोकें व मान येथील जखमा मानाच्या भांडणांतून होतात. शेपटीच्या मुळाशीं व पाठीवर पिसें उपटलेलीं असतील, तर तो पिसें टोचण्याच्या खोडीचा प्रकार असतो. पाठीवर व पंखांखालीं ओरखडे असतील आणि कळपांत कोंबडा असेल, तर दोष बहुधा त्याच्या नखांचा असतो. गुदद्वाराची जखम सर्वांत घातक. अंडें घालतांना आंतील तांबडा भाग क्षणभर बाहेर येतो. जागा उघडी व उजेडाची असली तर तो दुसरीच्या दृष्टीस पडतो आणि तेथेंच चोंच बसते. हे चार प्रकार वेगळे, म्हणून त्यांचे उपायहि वेगळे.

मानाच्या भांडणाचें शास्त्र मोठें मनोरंजक आहे. थोर्लेइफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन शास्त्रज्ञानें लहानपणापासून कोंबड्यांचें निरीक्षण केलें आणि १९२२ सालीं आपले निष्कर्ष जर्मन भाषेंत प्रसिद्ध केले. कळपांत कोणी कोणाला टोचावें आणि कोणी मुकाट्यानें बाजूस व्हावें, याचा एक क्रम ठरलेला असतो, असें त्यानें दाखविलें. टोचण्याच्या क्रमवारीची ही कल्पना पुढें इतकी लोकप्रिय झाली कीं, माणसांच्या कचेऱ्यांतील पायऱ्यांनाहि लोक तेंच नांव देऊं लागले. परंतु या क्रमवारीची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाहीं. क्रम एकदां ठरला म्हणजे कळपांत शांतता नांदते. वरच्या कोंबडीनें नुसती मान वर केली तरी खालची दूर होते, चोंच चालवावी लागत नाहीं. रक्त निघतें तें बहुधा क्रम मोडला म्हणजे. नवी तलंग एकाएकी कळपांत सोडली, एखादी कोंबडी आजारानें दुबळी झाली, किंवा जागा इतकी अपुरी पडली कीं हरलेलीला दूर जाण्यास वाटच उरली नाहीं, म्हणजे साधी धमकी घावांत बदलते. म्हणून जखमीला उपचार करतांना ती आधींपासूनच आजारी होती काय, हेंहि तपासावें. आणि कळपांत अनेक कोंबड्या एकाएकी मरूं लागल्या, तर तो टोचण्याचा प्रकार न समजतां सरकारी पशुवैद्यास ताबडतोब कळवावें.

पिसें टोचण्याची खोड मात्र भांडणांतून येत नाहीं. ती रिकामपणांतून येते. आपल्या पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे तांबडा रानकोंबडा. मॅरियन डॉकिन्स या इंग्रज विदुषीनें या जातीच्या माद्यांची दिनचर्या टिपून १९८९ सालीं प्रसिद्ध केली. तिच्या नोंदींत माद्या निम्म्याहून अधिक मिनिटांत जमीन टोचतांना आढळल्या, आणि तेंहि त्यांना अन्न घातलें जात असतांना. पोट भरलें तरी टोचण्याची भूक उरते, असा याचा अर्थ. अशा प्राण्याला सिमेंटच्या फरशीवर ठेवलें आणि त्याचें दिवसाचें खाणें भांड्यांत घालून पाव तासांत संपविलें, तर उरलेल्या दिवसांत ती चोंच काय करणार? समोर शेजारणीचीं पिसें असतात, ती तींच टोचते. यांत दुष्टपणा नाहीं; काम नसलेल्या हातांसारखेंच हें आहे.

म्हणून खरा उपाय म्हणजे चोंचीला काम देणें. फरशीवर वीतभर उंचीचा भाताचा पेंढा किंवा सुकीं पानें पसरावीं व थोडी बाजरी, ज्वारी त्यांत विखरावी. दिवसभर त्या उकरीत बसतात. कोबीचा गड्डा किंवा पालेभाजीची जुडी डोक्याइतक्या उंचीवर टांगावी. एका कोपऱ्यांत कोरडी माती व चुलींतील राख यांचा ढीग ठेवावा. त्यांत लोळून अंगावरच्या उवा कमी होतात. रात्रीं लांकडाच्या फटींतून बाहेर पडून रक्त पिणारे बारीक तांबडे कीटक कोंबड्यांना बेचैन करतात, तेव्हां दांडीच्या फटी तपासाव्या. आंतील खुराड्यांत दर कोंबडीस निदान चार चौरस फूट जागा असावी, फिरण्याचें कुंपण त्याच्या दुप्पट असावें, आणि दांडीवर प्रत्येकीस एक वीत जागा मिळावी. चार कोंबड्यांमागें अंडें घालण्याची एक अंधारी पेटी असावी. पुढें गोणपाटाचा पडदा लावला तरी चालतो. अन्नांत शंभर भागांमध्यें १६ ते १८ भाग प्रथिनें असावीं. केवळ तांदुळाच्या कण्या व शिळ्या पोळ्या यांवर ठेवलेल्या कोंबड्यांत ही खोड लवकर शिरते, आणि मिठाची उणीवहि तिला कारण होते. म्हणून अंडीं देणाऱ्या कोंबड्यांचें तयार खाद्य हा मुख्य आहार ठेवून घरचे उष्टेखरकटे पदार्थ तोंडीं लावण्यापुरतेच द्यावे.

मूळ कारण सोडून चोंचीवर व डोळ्यांवर इलाज करण्याचे प्रयत्न माणसानें पुष्कळ केले. अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत राहणाऱ्या एका गृहस्थानें टोचण्यापासून डोळे सुरक्षित राहावे म्हणून कोंबड्यांसाठीं चष्मा तयार केला व १९०३ सालीं त्याचें पेटंट घेतलें. पुढें तांबड्या भिंगांचे चष्मे निघाले. सर्वच तांबडें दिसलें म्हणजे रक्त वेगळें ओळखूं येणार नाहीं, ही त्यांतील युक्ति. कोंबड्यांच्या मोठ्या कारखान्यांत चोंचीचें टोंकच तापलेल्या पात्यानें कापण्याची पद्धत रूढ झाली. परंतु चोंच म्हणजे नख नव्हे. तिच्या टोंकांत मज्जातंतु असतात व तिला वेदना होतात. शेल्डरुप-एब्बे यांच्या नॉर्वे देशानें ही पद्धत १९७४ सालीं कायद्यानें बंद केली. घरच्या चार कोंबड्यांसाठीं तिचा विचारहि करण्याचें कारण नाहीं.

आतां राहिली परतीची वेळ. जखमेवर नवी कातडी धरून ती कोरडी होईपर्यंत कोंबडी परत सोडूं नये. उपटलेलीं पिसें पुन्हां येण्यास कित्येक आठवडे लागतात, आणि अर्धीं मोडलेलीं पिसें तर पुढील पीसगळतीपर्यंत तशींच राहतात. परंतु इतके दिवस तिला दृष्टीआड ठेवलें, तर कळपाच्या लेखीं ती परकी होते आणि पूर्वीपेक्षां अधिक मार खाते. यावर तोड अशी कीं, पहिले एक-दोन दिवस संपले व ती सावरली म्हणजे तिचा पिंजरा कुंपणाच्या आंतच, बारीक जाळीआड ठेवावा. तिनें त्यांना पाहावें, त्यांनीं तिला पाहावें, दोहों बाजूंनीं एकाच वेळीं दाणे टिपावे. चोंच मात्र पोंचूं नये. कळपांतील गरीब स्वभावाची एखादी कोंबडी तिच्या सोबतीस दिली तर फार चांगलें, कारण दोघी मिळून परत गेल्या म्हणजे सगळा रोख एकीवर येत नाहीं.

सोडण्याचा दिवस आला म्हणजे अन्नपाण्याचीं भांडीं दोन ठिकाणीं, एकमेकांपासून दूर ठेवावीं आणि एखादी फळी भिंतीस तिरपी टेकवून लपण्यास आडोसा करावा. पहिल्यांदा संध्याकाळीं तासभर सोडून जवळ उभें राहावें. एखाददुसरी टोंच बसली तर मध्यें पडूं नये. तो क्रम पुन्हां ठरण्याचा भाग आहे. रक्त दिसलें, किंवा खालीं बसलेलीच्या अंगावर दुसरी चढून टोचूं लागली, तर मात्र लगेच वेगळें करावें. एकच कोंबडी सारखी छळ करीत असेल तर जखमीला हलविण्याऐवजीं तिलाच चार-पांच दिवस बाजूस ठेवावें. ती परत येते तेव्हां तिचें जुनें स्थान पुष्कळदां ढिलें झालेलें असतें आणि तिचा तोराहि उतरतो.

घरांतील मुलें हा सगळा प्रकार पाहत असतात. जखमी कोंबडी पहिल्याच दिवशीं कापून टाकली, तर दुबळ्याला कळपांत जागा नाहीं, एवढाच पाठ त्यांना मिळतो. तिची जखम धुतली, पण खुराडें तसेंच कोंदट व रिकामें ठेवलें, तर दया दाखविली कीं काम संपलें, असें त्यांना वाटतें. परंतु पेंढा पसरतांना, कोबी टांगतांना, दांडीवरची एक वीत जागा मोजतांना त्यांचेहि हात लागले, आणि महिन्याभरानें तीच कोंबडी नव्या पिसांनीं, बाकीच्यांच्या रांगेंत, दांडीवर डोळे मिटून बसलेली त्यांनीं पाहिली, तर त्यांना कळतें कीं, मार खाणाऱ्याला बरें करावयाचें असेल तर तो राहतो तें घरहि बदलावें लागतें.